खालचा बाण

रात्रीचे पावणेबारा. घरात सगळे झोपलेले. मी टीव्हीच्या जुन्याच रिमोटवर खालचा बाण दाबला आणि पडद्यावरची निळी पट्टी एक घर खाली सरकली. फक्त नाचायचा बाकी होतो! कारण तो मेनू टीव्हीचा नव्हताच. टीव्हीमागे चिकटपट्टीनं लटकवलेल्या, एटीएम कार्डाएवढ्या बोर्डाचा होता. एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज येतो, एवढंच मला ठाऊक. त्याच केबलमध्ये रिमोटचे निरोप पोचवणारी एक वेगळी तार असते, तिला सीईसी म्हणतात, हे इतकी वर्षं कुणी बोललंच नाही!

झालं असं, की दिवाळीत टीव्ही बदलायचं घाटत होतं. आमचा बत्तीस इंची, साधा. पण पाहुण्यांकडचा स्मार्ट टीव्ही बघितला आणि मन उडालं. चालू करताच जाहिरात, अन् तीन वर्षांत निम्मी ॲप बंद. पडदा ठणठणीत, डोकं म्हातारं! शिवाय असे टीव्ही आपण काय बघतो याची नोंदही ठेवू शकतात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला याच पायी २०१७ साली २२ लाख डॉलर भरावे लागले. म्हटलं, पडदा आहे तो राहू दे, डोकंच वेगळं बसवू.

मागवला रास्पबेरी पाय ४. एवढ्याशा बोर्डानं काय होणार, असं क्षणभर वाटलं. पण १८९७ साली ज्या गावातून अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वे धावली, तिथल्या माणसानं आकारावरून बोलू नये. मेमरी कार्डावर लिब्रइलेक ही फुकट मिळणारी सिस्टिम चढवली. ती उघडते थेट कोडीमध्ये. हौशी लोकांनी एक्सबॉक्स या गेमच्या खोक्यासाठी रचलेला हा प्लेअर. २०१४ मध्ये त्यानं कोडी हे नाव घेतलं.

सुरळीत थोडंच होणार? कोपऱ्यात सारखी पिवळी वीज चमके. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, मोबाइलचा चार्जर कमी पडतोय. पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा लावला, वीज गायब. मग बाबांनी हँडीकॅमवर काढलेल्या बारशाच्या फाइलींची मराठी नावं नुसती चौकोन होऊन आली. सेटिंगमध्ये फॉन्ट बदलला, तेव्हा कुठे अक्षरं दिसली.

आणि खरी मजा तर गच्चीवर! दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्वेला. बार्शी पंचाहत्तरच्या थोडी पुढं. म्हणून आमची छत्री नेमकी आग्नेयेला, साठेक अंश मान वर करून उभी असते. इतकी वर्षं तिच्याखाली पापड वाळवले, पण ती कुठं बघते हे आत्ता समजलं! तिची केबल यूएसबी ट्यूनरला, ट्यूनर पायला, टीव्हीहेडएंड या प्रोग्रॅमनं चॅनेल शोधले आणि सह्याद्री लागलं! ना भाडं, ना नेट. १९७५-७६ मध्ये इस्रोच्या ‘साइट’ या उपग्रह-टीव्हीच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला, तो कोंबडीच्या जाळीपासून केलेल्या छत्र्यांवर. म्हणजे हा जुगाड आपल्या रक्तातलाच की!

पैसे भरून बघायची काही ॲप यावर धड चालत नाहीत, ती मोबाइलवर बघू. पण उद्या पाय म्हातारा झाला, तर बदलायचा फक्त पाय. पडदा तोच!

सकाळी आईनं नेहमीसारखा रिमोट उचलला. खालचा बाण दाबत सह्याद्रीवर गेली आणि बातम्या ऐकत शेंगा फोडायला बसली. काही बदललंय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. मी आपला स्वयंपाकघराच्या दारात उभा, दात काढत.