गणिताच्या गोळ्या

आमच्या लहानपणीं चंचल मुलावर एकच औषध होतें: छडी. तिची मात्रा मास्तर ठरवीत आणि दुष्परिणामांची चौकशी कोणी करीत नसे. म्हणून मुलाच्या मनासाठीं गोळी म्हटली कीं ज्यांच्या अंगावर कांटा येतो, त्यांना मी विचारतों, छडीच्या वेळीं हा कांटा कोठें होता?

१९३७ सालीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनीं ३० मुलांना बेन्झेड्रिन दिलें. तपासणीनंतरची डोकेदुखी थांबावी, एवढाच हेतु. डोकेदुखी बाजूलाच राहिली; पण १४ मुलें एकाएकीं अभ्यासांत रमलीं. 'गणिताच्या गोळ्या' हें नांव मुलांनींच दिलें. (मला त्या वयांत एखादी मिळती तर!)

खिन्नतेवरील औषधांची गोष्ट मात्र इतकी गंमतीची नाहीं. २००४ सालीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें त्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटींत इशारा छापविण्याचा हुकूम काढला. चाचण्यांत खरें औषध घेणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा ४ जणांत आत्मघाताचे विचार वा वर्तन आढळलें होतें. नकली गोळी घेणाऱ्यांत शेंकडा २. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती.

माझ्या एका स्नेह्याची पंधरा वर्षांची मुलगी चार महिने खोलीबाहेर येत नव्हती. ही चौकट वाचून तिच्या आईनें गोळ्या कपाटांत ठेवून दिल्या.

"वहिनी," मी म्हणालों, "पहिले कांहीं आठवडे पोरीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, एवढेंच ती चौकट सांगते. न दिलेल्या गोळीच्या धोक्याला कोणी चौकट काढीत नाहीं."

"भावोजी, आंकडे तुमचे, मुलगी माझी."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्या प्रश्नांची यादी घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. शेवटचा प्रश्न मुलीच्या अक्षरांत होता.