नाव नसलेले कारागीर

तलवार म्हटली की सगळे पात्याकडे बघतात. माझं लक्ष यंदा मूठ आणि पातं यांच्यामधल्या भागावर खिळलं. मराठीत त्याला परज म्हणतात. जपानी तलवारीत ती एक चपटी चकती असते, तिचं नाव ‘त्सुबा’. लायब्ररीतल्या एका पुस्तकात तिचे फोटो पाहिले आणि कितीतरी दिवस प्रेपनंतर मी तेच पुस्तक उघडून बसलो.

ही चकती जेमतेम ७-८ सेंटिमीटर रुंद असते. हात पात्यावर घसरू नये आणि तलवारीचा तोल साधावा, हे तिचं काम. मुरोमाची काळात (१३३६–१५७३) कारागिरांनी लोखंडी चकत्या आरपार कोरून जाळीदार केल्या. उरलेल्या लोखंडातून रानहंस, फुलं, चाकं दिसू लागली. क्योतोच्या चकत्यांत रेषा बारीक, नाजूक. ओवारीच्या, म्हणजे आजच्या नागोया परिसरातल्या, चकत्यांत त्या जाड आणि दमदार. काहींच्या कडेला टणक लोखंडाच्या गाठी वर आलेल्या दिसतात. जपानी लोक त्यांना ‘लोखंडाची हाडं’ म्हणतात आणि त्या दोष नाही, तर गुण मानतात.

पण मला विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीने. या जुन्या जाळीदार चकत्यांपैकी बहुतेकांवर करणाऱ्याचं नावच नाही.

आमच्या हॉलमध्ये ऑनर बोर्ड आहे. सोनेरी अक्षरांत दर वर्षी एका बेस्ट कॅडेटचं नाव त्यावर चढतं. ते आपलं असावं असं मलाही वाटतं. पण आमच्या बॅचमध्ये ऐंशीच्या वर मुलं आहेत. मग बाकीच्यांच्या मेहनतीचं काय?

१८७६ मध्ये जपान सरकारने कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली. सैन्य आणि पोलीस सोडले, तर तलवारी घरात गेल्या. अनेक चकत्या त्यांच्यापासून सुट्या झाल्या आणि जगभरच्या संग्रहालयांत पोचल्या. तिथल्या पाटीवर प्रदेश असतो, काळ असतो, पण कारागिराचं नाव बहुधा नसतं. तरीही जाणकार माणूस लोखंडाचा रंग आणि रेषांची जाडी पाहून सांगतो, ही ओवारीची, ही क्योतोची.

त्या कारागिराला हे कधीच कळणार नव्हतं. तलवार ज्याच्या हाती जाणार, त्याचा हात सुरक्षित राहावा, एवढं त्याला ठाऊक होतं. तेवढ्यासाठी त्याने लोखंडासारख्या हट्टी धातूतून फूल कोरलं. बोर्डवर माझं नाव येईल की नाही, माहीत नाही. पण माझ्या हातचं काम असं ओळखू यावं, एवढं मला नक्की हवं आहे.