डीप फ्रीझर आणि दहा मार्क

रेक्टर सरांनी घाबरू नये. या लेखात बिअर आहे, पण ती आपल्या हॉस्टेलपासून फार लांब, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा. तिकडे 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती बिअर बनवायला केंद्राची मोकळीक मिळाली.

2009 साली मी एम.एस.साठी तिथे होतो. घरमालक म्हणजे फ्रीज दुरुस्तीच्या कामातून रिटायर झालेले एक आजोबा. आम्ही मराठी पोरांनी त्यांचं 'नाना' असं बारसं केलं होतं. नाना तळघरात बिअर बनवायचे, एका वेळी 19 लिटर. मग ती स्टीलच्या पिंपात भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा, वर झाकण असलेला. थंड हवा जड, त्यामुळे झाकण उघडलं तरी ती सांडत नाही.

गोची एकच. फ्रीझर उणे 18 अंशांसाठी बनवलेला, बिअर उणे 2-3 लाच गोठते आणि नानांना हवे 4 अंश. म्हणून फ्रीझरची पिन एका बाहेरच्या थर्मोस्टॅटमध्ये घालायची आणि त्याचा सेन्सर आत सोडायचा. तापमान वर गेलं की करंट चालू, खाली आलं की बंद. जुलैत तो थर्मोस्टॅट बिघडला. आत दोन पिंपं, आणि आठवड्यावर नानांच्या नातीचं लग्न.

मी म्हटलं, "मी बनवून देतो." ऑन-ऑफ कंट्रोलर! थर्ड इयरला हाच प्रश्न दहा मार्कांना आला होता, आकृतीसकट नऊ मिळाले होते. मायक्रोकंट्रोलर, रिले, सेन्सर, एका रात्रीत काम फत्ते. चालू-बंदमधला फरक ठेवला फक्त 0.2 अंश. जेवढा कमी तेवढं अचूक, नाही का? सेन्सर आत हवेत लोंबकळत सोडला.

चौथ्या दिवशी कॉम्प्रेसर जळाला.

नाना ओरडले नाहीत. मला खाली वाकवून म्हणाले, "वास घे." मग म्हणाले, "तुला थंड काय करायचं होतं? हवा की बिअर?"

मी गप्प. रात्री कागद घेऊन बसलो. फ्रीझरमधली 200 लिटर हवा म्हणजे जेमतेम पाव किलो. ती एक अंश थंड करायला पाव किलोज्यूल पुरे. एक पिंप बिअरला त्याच एका अंशासाठी 80 किलोज्यूल लागतात. बिअर जागची हलत नव्हती, हवा मात्र सारखी वर-खाली होत होती, आणि माझा कंट्रोलर तिच्यामागे धावत दर मिनिटाला टक्-टक् करत होता. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच चालू केला तर मोटर फिरत नाही, नुसता करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. हे सगळं मला तुकड्या-तुकड्यांत पाठ होतं.

फ्रीझर नानांच्या दिवंगत पत्नीने घेतलेला होता, हे मला नंतर कळलं.

नानांनी कुठूनतरी जुना फ्रीझर आणला. माझ्याकडून निम्मे पैसे घेतले, आणि खरं सांगतो, ते घेतले म्हणून बरं वाटलं. कंट्रोलर मात्र माझाच लावला. सेन्सर पिंपाला चिकटवून वर फोम बांधला, फरक एक अंश, आणि बंद झाल्यावर पाच मिनिटं चालू व्हायचंच नाही, अशी सोय. लग्नात बिअर थंड होती म्हणे. मी पीत नाही, चव विचारू नका.

मित्रहो, पीएल जवळ आलीय. तो दहा मार्कांचा प्रश्न जरूर करा. पण लिहून झाला की मेसमधल्या वॉटर कूलरला एकदा कान लावा. तो किती वेळाने चालू होतो, आणि लगेच का होत नाही, ते सांगता आलं तर उरलेला एक मार्क तुमचा.