चौथी सीट

मुंबई हे शहर माणूसघाणे आहे, असे आमच्या यवतमाळकडे सर्वमान्य मत आहे. तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, वाटेत पडलेल्याकडे कोणी वळून पाहत नाही, असे सांगणारे बहुधा मुंबईला कधी गेलेले नसतात; पण त्यामुळे त्यांच्या मताला अधिकच धार चढते.

आमच्याकडची माया निराळी. ती आधी चौकशी करते. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आमची शकुंतला गाडी आता बंद पडली आहे. ती धावत होती तेव्हा ११३ किलोमीटरच्या त्या रमतगमत प्रवासात समोरच्याचे गाव, आडनाव, शेती आणि घरातल्या उपवर मुली एवढी माहिती दारव्ह्यापर्यंत सहज गोळा होई. मग शिदोरी सुटे. माझी आत्या या शास्त्रात पंडिता. दारात कोणी पाणी मागायला आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोनाचा होय रे तू?" उत्तर मनासारखे आले की पाण्याबरोबर गुळाचा खडा मिळे. मनासारखे नसले तरी पाणी मिळेच. पण ते ओंजळीत, वरून ओतलेले.

दोन वर्षांपूर्वी या आत्येला घेऊन मला मुंबई गाठावी लागली. तिच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी टाटाला न्यायला सांगितले. परळचे हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आमच्या खेड्यापाड्यांत ते नुसते 'टाटा' म्हणून ओळखले जाते, आणि ते नाव घेताना माणसांचा आवाज आपोआप खाली येतो. धामणगावला गाडीत बसलो, ते थेट दादरला उतरलो आणि गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकली.

गाडगेबाबा शेंडगावचे, म्हणजे आमच्या वऱ्हाडातलेच. हाती खराटा घेऊन गावे झाडीत हिंडलेल्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी परक्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ साली ते गेले. पण त्यांच्या नावाच्या दादरच्या या वास्तूत टाटाचे रुग्ण आजही टेकतात. आमच्या शेजारी बिहारमधले एक कुटुंब होते. त्यांची भाषा आत्येला कळत नव्हती आणि तिची त्यांना. तरी मी औषधांसाठी रांगेत अडकलो की तिच्या उशाशी गरम पाण्याचा तांब्या भरलेला असे. "कोनाची होय तू?" हे त्या बाईला विचारायचे कसे, हा आत्येला मोठा पेच पडला होता.

एकदा नात्यातल्या एका घरी आम्ही ठाण्याला गेलो. परतताना लोकलला ही गर्दी! मुंबईची ही चौथी सीट तुम्ही पाहिली असेलच. बाक तिघांचा, पण चौथा आला की तिघे इंच इंच सरकतात आणि त्याला अर्धी मांडी टेकण्यापुरती जागा होते. आत्येला पाहून तिघे सरकले. वर्तमानपत्रातून मान कोणी वर केली नाही. पुढच्या स्टेशनात त्यांतला एक उठला, खुणेने तिला नीट बसायला सांगितले आणि दांडीला लोंबकळत पुन्हा वाचू लागला. मी आभार मानायला तोंड उघडले, तोवर तो गर्दीत दिसेनासा झाला होता.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा याच शहराने अडकलेल्या वाटसरूंना चहा-बिस्किटे दिली, घरांची दारे उघडली. ११ जुलै २००६ ला लोकलगाड्यांत स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसे आपल्या चादरी घेऊन धावली आणि त्यांतून जखमींना उचलून नेले. चादर पुढे करताना नाव विचारायला वेळ कोणाला होता?

शस्त्रक्रियेनंतर आत्येला रक्त चढवावे लागले. ती शुद्धीवर आली, वर टांगलेल्या पिशवीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि क्षीण आवाजात म्हणाली, "बापू, हे कोनाचं होय रे?"

मी पिशवीवरची चिठ्ठी वाचली. तिच्यावर रक्ताचा गट होता, क्रमांक होता, तारखा होत्या. नाव नव्हते, गाव नव्हते, आडनाव नव्हते.

"लिहिलेलं नाही, आत्या."

ती काही बोलली नाही. थेंब पडत होते ते पाहत राहिली. जन्मभर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न मिळताच तिचा जीव वाचत होता.

गावातले उपकार वहीत लिहिलेले असतात. कोणी कोणाच्या लग्नात राबला, कोणी बैलजोडी दिली, हे दोन पिढ्या लक्षात राहते. फेडताही येते आणि बोलूनही दाखवता येते. मुंबईच्या उपकाराला वही नाही. ज्याने केला तो पुढच्या स्टेशनात उतरून जातो. फेडायचे तर तितक्याच अनोळखी माणसाला फेडावे लागते.

गेल्या दिवाळीत आत्या फराळाला बसली आणि त्या पिशवीवाल्याला चिवडा पाठवायचा, म्हणून हटून बसली. पत्ता कुठला देणार? शेवटी मी यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन रक्त देऊन आलो आणि तिला तसे सांगितले.

"कोनाले भेटन रे ते?" तिने विचारले.

"काय ठाऊक!"

आत्येने क्षणभर विचार केला, माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली आणि म्हणाली, "मंग बेस झालं."