खुडूक कोंबडीच्या बाजूने

परसातल्या कोंबड्यांबद्दल माझं मत बरीच वर्षं ठाम होतं. अंडी हवी असतील तर अंड्यांची जात पाळावी, मांस हवं असेल तर मांसाची. दोन्हीसाठी एकच गावठी कळप ठेवणं म्हणजे दाणे आणि कष्ट वाया घालवणं. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, पिंजऱ्यातली लेगहॉर्न ३०० च्या घरात. एवढे आकडे समोर असताना वाद कसला घालायचा, असं मला वाटे.

मी राहतो प्रभादेवीला, खेड गल्लीत. वडील गिरणीत होते, आई कणकवलीकडच्या आमच्या गावी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गावाकडे जाणारी मनिऑर्डर थांबली. अडीच लाख कामगारांचा तो संप मुंबईच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेलाय. कोकणातल्या घरांत त्या काळात मीठ-मिरची, रॉकेल, पोरांच्या वह्या कशातून आल्या, हे फारसं कुणी लिहिलेलं नाही. आमच्याकडे हे सगळं कोंबड्यांच्या अंड्यांतून आलं. आठवडा बाजाराला आई टोपलीत भातेणावर अंडी मांडून न्यायची, गरज मोठी असली की एखादा कोंबडा. जमीन आजोबांच्या नावावर होती, पगार वडिलांचा होता. कोंबड्यांचा पैसा मात्र आईचा होता आणि त्याचा हिशेब तिला कुणी विचारत नसे. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्याला मी गरिबीची सोय समजत आलो. चांगले दिवस आले की टाकून द्यायची गोष्ट.

म्हणून हातात पैसे खेळू लागल्यावर मी गावच्या घरी सुधारित जातीची पिल्लं पोचवली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या संशोधन केंद्रातली वनराजा. दोन्ही जाती परसासाठीच तयार केलेल्या. गिरिराज वर्षाला १३०-१५० अंडी देते आणि अंगानेही भरते. माझ्या लेखी प्रश्न मिटला होता.

पुढच्या वर्षी गावचं घर सांभाळणाऱ्या वहिनीने विचारलं, "भावोजीनू, ही तुमची कोंबडी खुडूक होणाच नाय. मगे पिल्ला खयसून येतली?"

मी म्हटलं, पुन्हा विकत आणू. ती काही बोलली नाही. पण तिचा प्रश्न मला सोडेना, आणि मी गावठी कोंबडीचं वर्ष पहिल्यांदा नीट मांडून पाहिलं. ती १२-१५ अंडी घालते आणि खुडूक बसते. २१ दिवस जेमतेम दाण्यापाण्यापुरती उठते. मग दीड-दोन महिने पिल्लं घेऊन हिंडते. घार दिसली की तिचा आवाज बदलतो आणि पिल्लं करवंदीच्या जाळीत शिरतात. विकत आणलेल्या पिल्लांना हे शिकवायला कुणी नसतं. त्यांना पहिले तीन-चार आठवडे विजेच्या दिव्याची ऊब लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती टिकते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे वर्षातले जे महिने मी 'अंडी नाहीत' म्हणून वजा करत होतो, त्याच महिन्यांत ती पुढचा कळप तयार करत होती. जास्त अंड्यांसाठी निवड करताना खुडूक होण्याची सवयच जातीतून काढून टाकावी लागते. वाढलेल्या अंड्यांचा मोठा वाटा तिथूनच येतो. त्याची किंमत म्हणजे दर वेळी पिल्लांसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं.

दुसरी गोष्ट नर पिल्लांची. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि अंगाने भरत नाही, म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी तो पहिल्याच दिवशी मारला जातो. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. मुंबईच्या फुटपाथवर टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला यायची, तीही बहुतेक अशीच नको असलेली. वहिनीच्या खुराड्यात नको असलेलं पिल्लू निघतच नाही. तलंगा मोठ्या होऊन अंड्यांना लागतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा राहतो. बाकीचे पाच-सहा महिने परसात चरून वाढतात आणि पाहुण्यांच्या वड्यांबरोबर सागोतीत जातात, नाहीतर गावच्या राखणदार देवाला. मी ते चवीने खातो. पण त्या कोंबड्याला जगायला मिळालेले महिने मला आता फार मोलाचे वाटतात.

एका बाबतीत मी तसूभरही हललेलो नाही. मर आली की गावठी कोंबड्या काटक असतात वगैरे बोलणं फोल ठरतं. राणीखेत रोग अख्खी वाडी रिकामी करतो. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लशीचा थेंब आणि दोनेक महिन्यांची झाली की आर-टू-बीची सुई, हे झालंच पाहिजे. लशीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की थोड्या तासांत संपवावी लागते. एकट्या घराला ती परवडत नाही. पिल्लांवर खर्च करायचो ते पैसे मी आता त्यासाठी देतो. कोंबड्या तिन्हीसांजेला खुराड्यात शिरल्या की वाडीतल्या बायका घरोघर जाऊन एकाच रात्री सगळ्यांना लस देतात.

एक भांडण मात्र शिल्लक आहे. कळपात गिरिराजचा एक कोंबडा ठेवावा, निदान अंगाने पिल्लं बरी निघतील, असं मला अजून वाटतं. वहिनीचं म्हणणं, दोन पिढ्यांत खुडूक बसणारी कोंबडी शोधावी लागेल. तूर्त कोंबडा तिच्या पसंतीचा आहे.