लावणीच्या दिवसांतली गोळी

८ जून

मृग लागला आणि पाऊसही वेळेवर आला. दुपारी डॉक्सीसायक्लिनची खोकी उतरवून घेतली. तिला या नावाने इथे कुणी ओळखत नाही. कॅप्सूल असली तरी ती ‘लेप्टोची गोळी’ आणि मी मेडिकलवाला भाऊ. सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर ही गोळी पॅरासिटामॉलच्या शेजारी, हाताशी ठेवावी लागते. उंदरांच्या, गुराढोरांच्या, कुत्र्यांच्या मुतातले लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे, जंतू शेतातल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, चिखल्यांतून, कोयत्याच्या ओरखड्यातून माणसात शिरतात. आमच्याकडे लावणीला अनवाणी उतरायचं असतं, त्यामुळे भेग नसलेला पाय शोधूनही सापडायचा नाही.

या औषधाचं मूळही शेतातच आहे. अमेरिकेत मिसुरीमधल्या एका प्रयोगशेताच्या मातीतल्या सूक्ष्मजीवातून बेंजामिन डग्गर यांनी ऑरिओमायसिन काढलं आणि ते १९४८ मध्ये जाहीर झालं. हे काम लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत झालं आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच टेट्रासायक्लिन घराण्यातली ही डॉक्सी, १९६७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली.

१९ जून

आशाताईंनी वाडीत गोळ्या वाटल्या. आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल एकदम. ज्यांना मिळाल्या नाहीत ते आरोग्य केंद्राची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. काही चिठ्ठीशिवायही येतात. पाकिटावरची उभी लाल रेघ मी बोटाने दाखवतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘गोळी तर आशाताई फुकट देतात, मग तुम्हाला चिठ्ठी कशाला?’ प्रश्न बिनतोड आहे. पण आशाताईंच्या हातात यादी असते. कोण गरोदर आहे, कुणाच्या घरात लहान मूल आहे, हे त्यांना ठाऊक असतं. काउंटरवर माझ्यासमोर फक्त एक ओला हात आणि नोट असते.

२७ जून

‘भाऊ, लेप्टोची गोळी दी. उद्या तरवो काढूचो आसा.’ आज दिवसभर हेच वाक्य.

गोळी घेतली की चिखलात कसंही उतरा, अशी एक समजूत पक्की झाली आहे. तिला थोडा आधार आहे, नाही असं नाही. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेल्या अमेरिकन सैनिकांवर झालेली चाचणी १९८४ मध्ये छापून आली. सैनिक ९४०. निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी कॅप्सूल. दुसऱ्या गटात लेप्टोचे रुग्ण २०, डॉक्सीच्या गटात १. हे वाचून कुणालाही वाटेल, झालं काम. पण ते सैनिक तीन आठवड्यांनी घरी गेले. आमचा शेतकरी जन्मभर त्याच चिखलात असतो. पुढे अंदमानात, म्हणजे जिथे हा रोग कायम वस्तीला आहे अशा ठिकाणी, आपल्या शास्त्रज्ञांनी तीच मात्रा तपासली. तिथे जंतूंची लागण दोन्ही गटांत सारखीच निघाली. आजारी पडणारे मात्र डॉक्सीच्या गटात कमी होते. म्हणजे जंतू आत येतो तो येतोच, गोळी त्याला डोकं वर काढू देत नाही इतकंच. तेही थोडं नाही. पण जखम झाकणं, शेतातून आल्यावर साबणाने पाय धुणं हे तिच्या भरवशावर सोडता येत नाही. गमबुटांचं मी आता सांगतच नाही. ते चिखलात रुततात, पाय बाहेर आणि बूट आत, हे सांगून लोक मला हसतात, आणि त्यांचं खरं आहे.

३० जून

सकाळी वरच्या वाडीतली एक काकी. छातीत मधोमध भाजल्यासारखं होतंय, पेजही गिळवत नाही. विचारलं तर रात्री झोपताना, अंथरुणात बसूनच, घोटभर पाण्याबरोबर दोन्ही कॅप्सूल घेतल्या आणि लगेच आडवी झाली. डॉक्सीचं हे ठरलेलं दुखणं आहे. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथेच विरघळते, औषध आम्लधर्मी असतं आणि आतल्या अस्तराला व्रण पडतो. काकीला डॉक्टरांकडे पाठवलं. ‘ॲसिडिटीची गोळी दी’ म्हणत होती, ती दिली नाही.

तेव्हापासून प्रत्येकाला एकच पाठ म्हणतो: सकाळी पेज जेवून, उभं राहून किंवा ताठ बसून, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. शेतावर जाणारा माणूस सकाळी आडवा होत नाही, म्हणून सकाळच बरी. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ होते आणि पुढच्या आठवड्याची गोळी देव्हाऱ्यामागे पडून राहते.

२ जुलै

प्रचंड गर्दी. बाहेर पाणी. काही लिहायला नको.

५ जुलै

नवऱ्याच्या वाट्याची गोळी घेऊन एक वहिनी विचारायला आली, ‘मी पण घेऊ?’ पाचवा महिना. तिला ही गोळी चालत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांनाही सहसा देत नाहीत. हिरड्यांत तयार होणाऱ्या दातांच्या कॅल्शियमला हे औषध जाऊन बसतं आणि दात कायमचे पिवळे-करडे होतात, असा टेट्रासायक्लिनांचा अनुभव आहे. अशांसाठी डॉक्टर ॲझिथ्रोमायसिनसारखं दुसरं काही लिहितात. वहिनीला ‘लावणीला उतरूच नको’ हे सांगणं सोपं होतं. तिच्या घरी माणसं किती आहेत ते मला माहीत आहे, म्हणून तेवढं बोललो नाही. आरोग्य केंद्रात जा म्हटलं.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर कधीच नसते. लोहाची गोळी, कॅल्शियम, गॅसचं पांढरं पातळ औषध, यांतलं काहीही डॉक्सीबरोबर घेतलं तर पोटातच दोघांची गाठ बसते आणि औषध रक्तात जायचं ते तसंच बाहेर पडतं. मध्ये दोन-तीन तास हवेत. आमच्या बायकांत लोहाची गोळी न घेणारी विरळा, त्यामुळे एक सकाळी आणि एक रात्री असं सांगून टाकतो. फिटची किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर मात्र मी माझ्या अकलेने काही सांगत नाही, डॉक्टरांना फोन लावतो.

९ जुलै

आजचा माणूस डोक्यातून जात नाही.

चाळिशीचा, ओळखीचा. ताप तीन दिवस, पोटऱ्या इतक्या दुखतात की पायरी चढताना खांबाला धरलं. डोळे लालबुंद. म्हणाला, आठवड्याची गोळी चुकवली नाही, तरी ताप आला, आता आणखी दोन दी. काल बायकोच्या वाट्याच्या दोन त्याने घेतल्याच होत्या.

मला या गोळीची खरी भीती इथे वाटते. कॅप्सूल तीच, पाकीट तेच, पण तिची कामं दोन आहेत. आजार होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा दोन. आजार झालाच आणि तो सौम्य असला, तर डॉक्टर साधारण १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस लिहितात. आजार वाढला असेल तर गोळीचं कामच नाही, पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन शिरेतून द्यावं लागतं, कारण मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं एकेक करून धरली जातात. पहिल्या कामाची गोळी दुसऱ्या कामाला वापरून माणूस घरी झोपून राहिला, तर जे दिवस हातात असतात तेच निघून जातात. शिवाय ताप डेंग्यूचा असेल तर डॉक्सी पाण्यासारखी. विषाणूंवर तिचं काही चालत नाही.

लघवी किती होते विचारलं. ‘सकाळपासून नाय झाली.’ रिक्षा मीच बोलावली आणि ग्रामीण रुग्णालयात पाठवला. त्याने जाताना दोन कॅप्सूलचे पैसे काउंटरवर ठेवले होते, ते खिशात परत घातले.

१२ जुलै

तो जिल्हा रुग्णालयात आहे, सलाईनवर. लघवी सुरू झाली असं त्याचा भाऊ सांगून गेला.

त्याच वाडीतला दुसरा, सौम्य ताप, सात दिवसांची चिठ्ठी. १४ कॅप्सूल. म्हणाला, आधी चार दे, उतार पडला तर बाकीच्या कशाला? एका कॅप्सूलची किंमत वडापावाहून कमी आहे, तेव्हा प्रश्न पैशांचा नसावा. घरात औषध उरलं की ते वाया गेलं असं वाटतं. ताप बहुतेकदा दोन-तीन दिवसांत उतरतो, जंतू तेवढ्यात संपतात असं नाही. सगळ्या १४ दिल्या.

१८ जुलै

आखाडातली उघडीप. कडक ऊन. दोघं-तिघं मानेवर, हातांच्या पाठीवर लाल होऊन आले, जणू चुलीजवळ बसले होते. डॉक्सीने कातडी उन्हाला हळवी होते. प्लॅस्टिकची खोळ पाठ झाकते, हात उघडेच. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला म्हटलं. इतकी साधी गोष्ट चिठ्ठीवर लिहायला कुणाला सुचत नाही, मलाही गिऱ्हाइकाचे हात बघूनच सुचते.

२९ जुलै

लावणी आटोपली. उरलेल्या पाकिटांची तारीख बघत बसलो. एक आजी घरातून जुन्या सात-आठ सुट्या कॅप्सूल घेऊन आली, कापलेल्या तुकड्यांवर ना नाव ना तारीख. ‘पुढल्या वर्षाक ठेवू काय?’ नको म्हटलं आणि तिथेच ठेवून घेतल्या. मुदत संपलेल्या जुन्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी १९६३ मधल्या आहेत. कोकणातल्या दमट कपाटात तर मुदतीआधीच भरवसा नाही.

जाताना आजी म्हणाली, लावणी झाली, आता गोळी बंद ना? मी म्हटलं, आजी, बेणणी कोण करणार? ती म्हणाली, सूनच. मग सुनेला आशाताईंकडे पाठव, किती आठवडे घ्यायची ते त्या आरोग्य केंद्रात विचारून सांगतील. आणि मध्येच ताप आला तर गोळी नको शोधू, गाडी शोध.