आजीचे किती टक्के?

लेस्टरमधल्या एका शाळेत मी परीक्षांचं काम बघते. मे-जूनमध्ये जीसीएसई सुरू झाली की बैठकव्यवस्था आणि पर्यवेक्षकांच्या जोडीला 'स्पेशल कन्सिडरेशन'चे अर्जही माझ्याकडे येतात. ऐन परीक्षेत मूल आजारी पडलं, हात मोडला, घरात कुणी गेलं, तर शाळा अर्ज करते आणि त्या मुलाच्या गुणांत थोडी भर पडते.

किती, याचा तक्ता आहे. इथल्या परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेने, जेसीक्यूने, तो ठरवून दिलाय. जास्तीत जास्त 5 टक्के, तेही आई-वडील, भावंड असं अगदी घरातलं माणूस परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत गेलं असेल तर. विस्तारित कुटुंबातलं कुणी नुकतंच गेलं असेल तर 4. जवळचा मित्र किंवा लांबचं नातं असेल तर 3.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. दुःखाचं रेटकार्ड! मग आठवलं, आपल्याकडेही आहेच की. घरातलं माणूस गेलं तर दहा दिवस सुतक. लग्न झालेल्या मुलीला स्वतःच्या आईचं तीन दिवस.

गेल्या जूनमध्ये एका मुलाची बा गेली. गुजराती घरातला सोळा वर्षांचा मुलगा, बा म्हणजे आजी. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. आई-वडील दोघंही शिफ्टमध्ये काम करणारे, त्यामुळे याला वाढवलं तिनेच. अर्जात नातं भरताना मी थांबले. तक्त्याप्रमाणे आजी विस्तारित कुटुंबात. पेपर 80 गुणांचा. आई असती तर 4 गुण, आजी म्हणून 3.2. फरक 0.8 चा. तरी मी खाली लिहिलं, 'मुलाचा सांभाळ आजीनेच केला.'

लिहिताना मला माझी आजी आठवत होती.

2003, माझी बारावी. केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी आई अचानक माहेरी गेली. "आजीला जरा बरं नाहीये," बाबा म्हणाले. "तू अभ्यास कर." मी केला. पेपर मस्त गेला. उरलेलेही गेले. शेवटच्या पेपरनंतर बाबा स्कूटर घेऊन गेटबाहेर उभे होते. पेपर कसा गेला, हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं नाही.

मला कळलं तोवर आईचं सुतकही संपलं होतं.

केमिस्ट्रीत मला सगळ्यांत जास्त मार्क पडले. पेढे वाटले गेले. मी अजून तो आकडा कुणाला सांगत नाही. मी समीकरणं सोडवत होते त्याच सकाळी आजीला नेलं होतं.

त्या अर्जाच्या रात्री मी आईला फोन करून पहिल्यांदा विचारलं, का नाही सांगितलंस? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तू पेपर दिला असतास? ऑक्टोबरला बसली असतीस, वर्ष गेलं असतं. मला काय, रडायला यायचं नव्हतं तुझ्यापाशी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या हातात तक्ता नव्हता. लपवणं एवढंच होतं, तेवढं तिने दिलं, आणि स्वतःच्या आईसाठी एकटी रडली.

तो मुलगा पेपरला आला. यायलाच हवं असं नव्हतं. विषयाची किमान 25 टक्के परीक्षा झालेली असेल तर चुकलेल्या पेपरचा हिशेब बाकीच्यांवरून लावतात. त्याचा पहिला पेपर झालेला होता, आणि हे मी त्याला सांगितलंही होतं. तरी आला. अर्धा तास लिहिलं, पेन ठेवलं आणि टेबलावर डोकं टेकलं. मी त्याला बाहेर घेऊन गेले.

3.2 गुणांनी त्याचा पेपर भरून निघणार नव्हता, हे मलाही दिसत होतं. पण त्याला रात्रीच उठवून सांगितलं होतं. बाचा हात गार व्हायच्या आत त्याने तो धरला होता.